राखेतल्या जळक्या दाण्यांवरून ३ हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ शोधला, त्यामागचा माणूस : ह. धी. सांकलिया

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडलेले असतात, वर भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरं. गेवराई, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी इथून निघालेल्या टोळ्या पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडतात. कुणी प्रवरेच्या काठी जातं, कुणी गोदावरीच्या, कुणी भीमेच्या आणि घोडच्या.

आता यातली गंमत म्हणा किंवा नियती म्हणा, पण नेमक्या याच नद्यांच्या काठी महाराष्ट्रातले पहिले ज्ञात शेतकरी राहत होते. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी. त्यांनी घरं बांधली, धान्य पिकवलं, गुरं पाळली. आणि मग एक वेळ अशी आली की एकामागून एक गावं उठली. अभ्यासकांच्या मते त्यामागचं मोठं कारण होतं, पावसाने पाठ फिरवली.

ज्यांनी एक ओळही लिहून ठेवली नाही त्या लोकांच्या काळात पाऊस कसा होता, हे कळलं कसं? त्यासाठी एका गुजराती माणसाची गोष्ट माहिती असायला हवी. मुंबईत जन्मला, पुण्यात आयुष्य काढलं आणि महाराष्ट्राच्या इतिहासाची सुरुवात हजारभर वर्षांनी मागे नेली.

त्यांचं नाव हसमुख धीरजलाल सांकलिया.

१० डिसेंबर १९०८ चा त्यांचा जन्म. शाळेत असताना त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांचं आर्क्टिक होम इन द व्हेदाज हे पुस्तक आलं. आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ होतं, असं मांडणारं हे पुस्तक त्या वयाच्या पोराला फार काही समजण्यासारखं नव्हतं. पण फार जुन्या काळाबद्दल असे प्रश्न विचारता येतात, एवढं मात्र डोक्यात बसलं. संस्कृत शिकायचं, प्राचीन भारताचा अभ्यास करायचा हे तिथूनच ठरलं. पुढे मुंबईत सेंट झेवियर्समधल्या फादर हेरास यांच्यासारख्या संशोधकाच्या सहवासात इतिहासाची गोडी पक्की झाली. एम.ए. साठी त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला, तो १९३४ मध्ये पुस्तकरूपात आला.

म्हणजे तोपर्यंत गडी अगदी पुस्तकी होता. ग्रंथ, शिलालेख, मंदिरं, मूर्ती. त्या काळात पुरातत्त्व म्हणजे मुख्यतः हेच होतं.

बदल झाला तो लंडनमध्ये. पीएच.डी. साठी तिकडे गेल्यावर विषय होता गुजरातचं पुरातत्त्व, आणि तोही बराचसा देवळं-शिल्पांचाच. पण तिथे त्यांना मॉर्टिमर व्हीलर भेटले. व्हीलर तेव्हा इंग्लंडमध्ये मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्याचं उत्खनन करत होते, आणि सांकलियांना तिथे प्रत्यक्ष खणायला मिळालं. मातीचा एकेक थर वेगळा ओळखायचा, कुठली वस्तू कुठल्या थरात सापडली ते नोंदवायचं, थर चुकला तर सगळंच चुकलं, हा धडा त्यांनी तिथे गिरवला. हेच व्हीलर पुढे १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.

१९३७ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. आणि दोनच वर्षांनी पुण्यात एक संधी आली.

पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडलं होतं. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. भाषाशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास अशा विषयांसाठी माणसं घेतली गेली. इरावती कर्वे त्याच वर्षी आल्या आणि सांकलियाही. पुरातत्त्व शिकवायला तेव्हा ना प्रयोगशाळा होती, ना मोठा निधी. सांकलियांनी सुरुवात पुण्याच्या आसपास पायी फिरण्यापासून केली.

१९४१ मध्ये त्यांच्यावर गुजरातची जबाबदारी आली. ब्रूस फूट नावाच्या भूगर्भतज्ज्ञाने पूर्वी साबरमतीच्या काठी दगडी हत्यारं नोंदवली होती, ती जागा पुन्हा तपासायची होती. सांकलिया गेले, नदीच्या दरडी पाहिल्या, आणि या मोहिमेत लांघणज हे ठिकाण हाती लागलं. वाळूच्या टेकाडात बारीक दगडी पाती, प्राण्यांची हाडं आणि पुढे माणसांचे सांगाडेही मिळाले. सांगाड्यांच्या अभ्यासात इरावतीबाईंचा हात होता.

लांघणजने त्यांना एक अडचण दाखवून दिली. हत्यार सापडलं, ठीक. पण ते वाळूच्या टेकाडात का सापडलं? तेव्हा तिथे वाळवंट होतं की गवताळ रान? पाऊस किती पडायचा? हे इतिहासाच्या माणसाला सांगता येत नाही. त्यासाठी माती कळणारा माणूस लागतो.

असा माणूस लंडनमध्ये होता, फ्रेडरिक झॉयनर. जुन्या काळातली हवा आणि भूरूपं मातीच्या थरांवरून वाचणं हा त्यांचा विषय. १९४९ मध्ये ते भारतात आले आणि त्यांनी गुजरातमधल्या नद्या, वाळू, जुन्या मातीचे थर पाहिले. कुठला थर कोरड्या काळातला, कुठला ओल्या काळातला हे त्यांनी दाखवलं. वस्तूंच्या आधी जमीन वाचायची ही सवय डेक्कन कॉलेजात तेव्हापासून मुरली, आणि सांकलियांच्या पुढच्या सगळ्या कामात ती दिसते.

आता महाराष्ट्राकडे येऊ.

१९५० च्या आधी कुणी महाराष्ट्राचा इतिहास सांगायला बसलं की गाडी सातवाहनांपासून सुटायची. फार तर सम्राट अशोकापर्यंत जायची. त्याच्या मागे काय? दंडकारण्य. घनदाट जंगल, त्यात कुणी ऋषी, कुणी राक्षस. एका बाजूला अश्मयुगातली हत्यारं आणि दुसऱ्या बाजूला पैठणचे राजे, मधली कित्येक शतकं कोरी.

१९५०-५१ मध्ये सांकलिया आणि त्यांचे सहकारी शां. भा. देव यांनी नाशिकला आणि संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी उत्खनन केलं. जोर्वे प्रवरेच्या काठी. तिथे चाकावर घडवलेली, लाल रंगाची, वर काळ्या रेघांची नक्षी असलेली भांडी मिळाली. इतकी पक्की भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजावीत. तोटी असलेली भांडी, मध्ये कंगोरा असलेले वाडगे. सोबत तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी. लोखंड नाही. म्हणजे दगड आणि तांबं दोन्ही वापरणारे शेतकरी, ज्यांना ताम्रपाषाण युगातले लोक म्हणतात. पुढे या सगळ्या संस्कृतीलाच जोर्वे संस्कृती हे नाव पडलं. एका छोट्या गावाचं नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं.

जाता जाता एक गोष्ट. याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चाच. म्हणजे ज्या हंगामात या खोऱ्यात सहकारी साखरेचं युग सुरू झालं, त्याच हंगामात तिथल्या सगळ्यात जुन्या शेतीचा पत्ता लागला.

असली ठिकाणं शोधायची कशी, हा प्रश्न पडला असेल. तर बीडच्या, नगरच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला काळी आणि पांढरी हे शब्द विचारा. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. माणसं एका जागी शेकडो वर्षं राहिली की चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, हाडं यांचा थर साचतो आणि जमीन पांढुरकी होते. नदीकाठी अशी पांढरीची टेकडी दिसली की तिच्या पोटात जुनं गाव असण्याची शक्यता मोठी. अडचण एवढीच की ही माती धाब्याच्या घरांना आणि शेताला उपयोगी पडते, त्यामुळे लोक गाड्या भरभरून ती नेतात. कित्येक जुनी गावं अशी शेतात पसरून गेली.

जोर्वेनंतर पाळी आली नेवाशाची. ज्ञानेश्वरीमुळे ते गाव प्रत्येक मराठी माणसाला माहिती. प्रवरा तिथून जवळच टोक्याला गोदावरीत मिसळते. १९५४ ते १९५६ या काळात सांकलियांनी तिथली लाडमोड नावाची टेकडी खणली. वरच्या थरांत मराठा आणि मुसलमानी काळ, खाली सातवाहनांचा, रोमशी व्यापाराच्या खुणा सांगणारा, त्याच्या खाली जोर्वेचे शेतकरी. आणि नदीच्या दरडीत त्याहून हजारो वर्षं जुनी दगडी हत्यारं. अश्मयुगापासून पेशवाईपर्यंत एकाच गावात सगळा महाराष्ट्र. नेवाशाच्या हत्यारांमुळे मध्य पुराश्मयुगाचा एक टप्पाच त्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

तिथेच एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत ओवलेल्या दोऱ्याचा अंश टिकून होता. तांब्याच्या गंजाने तो वाचवला. दोरा तपासल्यावर त्यात कापूस निघाला, रेशमाचा अंशही निघाला. ज्या काळाबद्दल काहीच माहिती नव्हतं, त्या काळात आईबापांनी लेकराच्या गळ्यात काय घातलं होतं हे कळलं.

पण एक प्रश्न उरतोच, काळ ठरवला कसा? इथे सांकलियांचं नशीब चांगलं. कोळशातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत १९४९ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली होती. नेवासा आणि मध्य प्रदेशात महेश्वरसमोर नर्मदेच्या काठी त्यांनी खणलेलं नावडातोली, इथला कोळसा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेला. आकडे आले आणि महाराष्ट्राची शेती इसवी सनापूर्वी हजार वर्षांहूनही मागे गेली.

एवढ्यावर एखादा माणूस थांबला असता. पुरस्कार घेतले असते, व्याख्यानं दिली असती. सांकलियांना मात्र एक रुखरुख होती. आतापर्यंतची उत्खननं म्हणजे टेकडीत घेतलेले थोडे खड्डे. त्यातून भांडी कळतात, क्रम कळतो, पण गाव कळत नाही. घरं कशी होती, कोण कुणाच्या शेजारी राहायचं, खायचे काय, पाणी कुठून आणायचे, आजूबाजूला रान कसलं होतं, हे कळायला एकच ठिकाण वर्षानुवर्षं, आडवं पसरून खणायला हवं.

ते ठिकाण म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. (हे शिरूर वेगळं, बीडमधलं शिरूर कासार वेगळं.) १९६८ मध्ये काम सुरू झालं आणि १२ हंगामांनंतर थेट १९८२ मध्ये संपलं. सांकलियांसोबत त्यांचे सहकारी म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी होते. १३० हून जास्त घरांचे अवशेष मिळाले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० असा ९०० वर्षांचा एकाच गावाचा हिशेब.

इथे पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळा खेळ त्यातच आहे.

चुलीतली, धान्याच्या बळदातली राखाडी माती घ्यायची आणि पाण्यात सोडायची. माती तळाशी बसते, जळून कोळसा झालेले दाणे हलके असल्याने वर तरंगतात. ते गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. न जळलेला दाणा कुजून जातो, जळलेला हजारो वर्षं टिकतो. म्हणजे त्या काळी एखाद्या बाईच्या हातून चुलीत सांडलेले, करपलेले दाणे हाच आजचा पुरावा. डेक्कन कॉलेजात मुकुंद काजळे यांनी हे काम केलं. इनामगावात सातू म्हणजे बार्ली मुख्य पीक निघालं. सोबत गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ अशी धान्यं-कडधान्यं आणि बोरासारखी रानफळं.

दुसरा पुरावा हाडांचा. उकिरड्यातली हाडं मोजायची, कुठल्या जनावराची किती, किती वयाची, कापल्याच्या खुणा कुठे. तिसरा नदीचा. घोडचं पात्र कधी गाळाने भरत होतं आणि कधी खोल कापत होतं, हे शरद राजगुरूंसारखे भूशास्त्राचे अभ्यासक दरडींवरून सांगत. चौथा साधा, पण हुशारीचा. गावापासून पायी जाऊन दिवसात परत येता येईल एवढ्या टापूत जमीन कसली आहे, काळी किती, मुरमाड किती, गाळाची किती, याचा नकाशा करायचा. बैल आणि लाकडी अवजारं असलेला माणूस यातली कुठली जमीन कसू शकेल, ते तपासायचं.

हे चारही एकत्र ठेवल्यावर मेलेलं गाव उभं राहायला लागलं.

इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा इनामगावचा भरभराटीचा काळ. ऐसपैस चौकोनी घरं, कुडाच्या भिंती, अंगणात चूल, धान्यासाठी बळदं आणि कणग्या. कुंभाराचं घर वेगळं ओळखू येत होतं. नदीच्या बाजूला दगडमातीचा बांध आणि त्याला लागून खणलेला पाट सापडला. पुराचं पाणी अडवून ते शेताकडे वळवायची ही सोय. पाणी होतं म्हणून गहू होता. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर होतं, शेजारी कोठार, बहुधा गावच्या प्रमुखाचं. लहान मुलं दगावली की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवून घरातच पुरायचे. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय कापायचे. का, यावर अंदाज अनेक आहेत. मेलेला माणूस कुठे जाऊ नये, घरातच राहावा, हा त्यातला एक. घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत जपून ठेवलेली बिनडोक्याची स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल मिळाला.

याच प्रमुखाच्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजण निघाला. त्यात एक माणूस बसलेल्या अवस्थेत पुरलेला होता. त्याचे पाय मात्र शाबूत होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीसुद्धा नियम सगळ्यांना सारखे नव्हते.

मग इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास सगळं बदलतं.

वरच्या थरात चौकोनी घरं नाहीशी होतात. त्यांच्या जागी छोट्या गोल झोपड्या, घोळक्याने उभ्या केलेल्या. भांडी ओबडधोबड होतात. गहू मागे पडतो, कमी पाण्यात तग धरणारा सातू उरतो. उकिरड्यात गाईबैलांची हाडं कमी होतात, शेळ्यामेंढ्यांची वाढतात आणि हरणांसारख्या रानातल्या जनावरांची वाढतात. बीडच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. चारा संपला की आधी बैल विकला जातो, शेळी शेवटपर्यंत दावणीला राहते.

ढवळीकरांनी याचा अर्थ लावला तो असा, की पाऊस कमी होत गेला आणि शेतकरी हळूहळू अर्धे भटके झाले. त्यांनी इजिप्तचाही दाखला दिला. नाईलचा पूर इथिओपियाच्या डोंगरांतल्या मोसमी पावसावर ठरतो आणि त्या काळात तोही ओसरला होता. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली नेवासा, दायमाबादसारखी गावं १००० च्या सुमारास उठली. दायमाबाद म्हणजे साधंसुधं गाव नव्हे, काशाचा रथ, हत्ती, गेंडा जिथे मिळाले ते. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी ३०० वर्षं कसंबसं टिकलं आणि इसवी सनापूर्वी ७०० ला तेही संपलं. नेवाशाच्या टेकडीवर तर त्यानंतर कित्येक शतकं कुणी राहायलाच आलं नाही.

हे खोरं बीडपासून लांब नाही. प्रवरेचं पाणी पोटात घेऊन गोदावरी पैठणवरून खाली येते आणि बीड जिल्ह्याची उत्तर सीमा होते. पैठणच्या खाली आपेगावला, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या गावी, १९७६ मध्ये उत्खनन झालं तेव्हा तिथेही जोर्वेचे शेतकरी भेटले. पुढे माजलगाव तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. काळी माती तीच, पर्जन्यछाया तीच, बेभरवशाचा पाऊसही तोच. इनामगावच्या थरांत जे दिसतं, त्याचे हिशेब या भागाला लागू पडतात ते यामुळे.

अर्थात सगळ्यांना हे पटलेलं आहे असं नाही. अमेरिकन अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासा, दायमाबाद आणि इनामगावच्या लहान मुलांच्या सांगाड्यांवर काम केलं, २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पावसाने अचानक दगा दिला एवढ्या एकाच कारणावर त्या समाधानी नाहीत. हा मुलूख आधीपासूनच निमकोरडा होता आणि माणसांनी जमिनीवर टाकलेला ताणही तितकाच महत्त्वाचा, असा त्यांचा रोख आहे. वाद चालू आहे. पण तो ज्या हाडांवर आणि दाण्यांवर चालू आहे, ती जपून ठेवली गेली आणि थरासकट नोंदवली गेली, म्हणून चालू आहे.

सांकलियांचेही अंदाज चुकले. नावडातोलीची तोटीची भांडी त्यांना इराणच्या भांड्यांसारखी वाटली आणि हे शेतकरी पश्चिम आशियातून आले असावेत असं ते बरीच वर्षं म्हणत राहिले. आज बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी रामायणावर पुस्तक लिहिलं, रावणाची लंका म्हणजे श्रीलंका नव्हे, ती मध्य भारतातच असावी असं मांडलं आणि मोठा गदारोळ ओढवून घेतला. पुराव्यानं जे वाटलं ते बोलून मोकळं व्हायचं, असा त्यांचा खाक्या.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. १९७६ मध्ये म. श्री. माटे यांच्यासोबत त्यांचं महाराष्ट्रातील पुरातत्त्व हे मराठी पुस्तक आलं. मातृभाषा गुजराती, शिक्षण इंग्रजीत, पण ज्यांच्या जमिनीत खणलं त्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळावं याची सोय झाली. १९७८ मध्ये आत्मचरित्र आलं, त्याचं नाव बॉर्न फॉर आर्किऑलॉजी. दरम्यान डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग असा झाला होता की जिथे इतिहासाच्या शेजारी वनस्पती, प्राण्यांची हाडं, माती आणि मानवी सांगाडे यांचे अभ्यासक एकाच छताखाली बसत.

इनामगावचा अहवाल तयार व्हायला खणणं थांबल्यावरही सहा वर्षं गेली. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी या तिघांच्या नावाने तो १९८८ मध्ये छापून आला. पुढच्या जानेवारीत, २८ तारखेला, सांकलिया गेले. ८० वर्षांचे होते. इनामगावच्या वस्तू पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. आणि घोडच्या काठी, जिथे एकेकाळी सातूवर दिवस काढले गेले, तिथल्या टापूत आता ऊस उभा असतो आणि दर हिवाळ्यात तो तोडायला बालाघाटाच्या डोंगरातून माणसं येतात.